चिमामावशीची वई

शेलू,
११ जानेवारी २०२५

प्रिय भागी,

"नाजू, माजी वई राख गं, पावसाच्या आत येते मी."

तुझ्या आईचं हे वाक्य एकोणतीस वर्षं माझ्याजवळ आहे. चिमामावशी डोक्यावर बोचकं घेऊन आमच्या मागच्या दारात उभी होती आणि तू तिच्या मागे, काखेत कोंबडी. तुझे वडील ट्रकपाशी उभे राहून हाका मारत होते. मी दहावीचा अभ्यास करत बसले होते, हातात पेन तसंच होतं. मी "हो" म्हटलं. तुम्ही वीटभट्टीवर गेलात. तो पाऊस आला, त्यानंतरचे सगळे पाऊस आले. तुम्ही आला नाहीत.

मी नाझिया. लियाकतशेटच्या दुकानातली नाजू. तुला जोडाक्षरं शिकवायला बसायची ती. 'भाग्यश्री' लिहिताना तू 'श्री'पाशी अडायचीस आणि जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यात धरायचीस. त्याच जिभेमुळे तू मला सापडलीस.

परवा दुपारी टीव्हीवर 'अंगण हसलं' लागलं होतं. कर्जतजवळच्या एका बंगल्याची बाग नवी करत होते. ती मोठी टोपी घालणारी बाई म्हणत होती, "आता इथे येणार आहे हिरवा गालिचा!" आणि तिच्या मागून एक बाई हिरवळीची गुंडाळी डोक्यावर घेऊन गेली. एक हात गुंडाळीला, एक कमरेवर, जिभेचं टोक ओठाच्या कोपऱ्यात. दोन सेकंद. दुसऱ्या दिवशी तोच भाग परत लागला तेव्हा मी टीव्हीच्या अगदी जवळ जाऊन बसले. तूच होतीस. मागे टेंपोवर 'काजवा रोपवाटिका, कर्जत' असं वाचलं. तोच पत्ता पाकिटावर घालते आहे. पोचलं तर पोचलं.

मी इथे शेलूला तिसऱ्या मजल्यावर राहते. बाल्कनीसमोर दुसऱ्या इमारतीची बाल्कनी आहे, तिथे एक सायकल टांगलेली असते. माझ्याकडे दोन कुंड्या आहेत. घरचे त्या कार्यक्रमाला हसतात. म्हणतात, एवढ्या पैशात एक शाळा उभी राहील, आणि हे लोक कारंजं उभारतात. त्यांचं खरं आहे. तरीही मी एकही भाग चुकवत नाही. शेवटी मालकांच्या डोळ्यांवरची पट्टी सोडतात ना, ते मला पाहायचं असतं. त्यांना नवी बाग दिसते. मला दर वेळी वाटतं, आपली पट्टी कोणी सोडली तर समोर आमचं परस असेल, बाव असेल, त्या विहिरीपलीकडे तुमची झोपडी असेल, तू असशील.

चिमामावशी कशी आहे? आहे ना? तिला सांग, तुझी वही मी अजून राखली आहे. शाळेसाठी म्हणून मी तिच्याकडून झाडांची माहिती लिहून घ्यायला लागले आणि मग थांबलेच नाही, तीच ती शंभर पानी. ती हसायची, "लिव लिव, मी मेली तरी तुजी वई बोलन." जाताना मात्र ती 'तुजी' म्हणाली नाही, 'माजी' म्हणाली. ते माझ्या लक्षात राहिलं. लग्नात मी दागिन्यांच्या आधी ती पेटीत घातली.

एवढं कळव.

तुझी,
नाजू


वाडी, कर्जत
३ फेब्रुवारी

नाजूस,

पत्र मिळालं. नर्सरीचा शेठ म्हणाला, "भागी, कोर्टाची नोटीस आली काय गं?" पत्र म्हटलं की आता तेवढंच येतं माणसाला.

हो, ती मीच. तू शिकवलंस तसं 'आहे', 'नाही' लिहिते आहे. मध्येच हाय-नाय आलं तर लाल पेनाने खूण कर. मोबाईल आहे माझ्याकडे, पण नंबर देत नाय एवढ्यात. फोनवर मी "बरं आहे" म्हणून ठेवून देईन. पत्रात तेवढ्याने पान भरत नाय, मग खरं लिहावं लागतं.

आई आहे. डोळ्यांना उजेड नि अंधार एवढंच कळतं, कानाला मात्र सगळं. बाप भट्टीवरच तिसऱ्या वर्षी वारला. नंतर आम्ही आईच्या माहेरच्या वाडीवर आलो. माझं लग्न झालं, मोडलं, ते पुन्हा कधी. नर्सरीत सोळा वर्षं झाली. आता माझ्या हाताखाली पाच बाया आहेत.

तुझं पत्र आईला वाचून दाखवलं. वाचताना मी माझ्या तोंडाने वाचते, तुमच्या शाळेतला ह माझ्या जिभेवर बसत नाय. तू अजून राखली आहेस हे वाचलं तशी आई उठून बसली. "परत वाच." तीनदा वाचायला लावलं. मग विचारते, "वाळवी लागली नाय ना? पानं झडली नाय ना?" मी म्हटलं, एवढ्या वर्षांची झाली, थोडी झडणारच. तर म्हणते, "नाजू बघन. नाजूला सांगितलंय मी." त्या दिवशी भाकरी दीड खाल्ली तिने. तेव्हा वाळवीचं नि पानांचं नीट कळव, रोज विचारते.

आता तुझ्या कार्यक्रमाचं. तू बघतेस ते खुशाल बघ, पण हिरवळ कशी येते ते ऐक. चटईसारखी गुंडाळून येते. आम्ही आंथरतो, वरून पाणी मारतो, टोपीवाली येते नि अनवाणी चालते, "अहाहा." फुलझाडं कुंडीसकट मातीत पुरतो. कॅमेरा गेला की त्यातली निम्मी उपटून परत टेंपोत. ती भाड्याची असतात. तीन महिन्यांनी त्याच बंगल्यातून फोन येतो, हिरवळ पिवळी पडली. पडणारच. मालक येतो महिन्यातून एक रविवार. झाडाला माणूस रोज दिसावा लागतो.

मी हे आईला सांगते तर तिला पटत नाय. "गवात इकत घेतेत?" हो. "आन् मंग ते कापाया मानूस ठेवतेत?" हो. "त्यापरीस बैल का नाय ठेवत? फुकाट कापन, वर शेण दील."

पण हसू नको माझ्या कामाला. मला हिरवळ लावता येते, सांधा दिसत नाय अशी. त्या कामावर माझं घर चालतं. फक्त कोणाच्या घरासाठी इतकं सुंदर करून निघताना, फाटकाबाहेर आल्यावर, मागे बघायचं नाय असं मी ठरवलं आहे.

भागी


शेलू,
९ मार्च

प्रिय भागी,

तुझं पत्र मी रोज वाचते. रोजे चालू आहेत. दुपारनंतर कामाला हात चालत नाही, तेव्हा ते काढून बसते. लाल पेनाची एकही खूण केलेली नाही.

चिमामावशीला सांग, वाळवी नाही लागली. पान एकही झडलेलं नाही. दर वर्षी डांबराच्या गोळ्या बदलते, कोणाला हात लावू देत नाही. तिने दीड भाकरी खाल्ली हे वाचून मला जे वाटलं ते लिहिता येत नाही. इतक्या वर्षांत मी कोणाची एक तरी गोष्ट नीट सांभाळली, असं वाटलं.

आता एक बातमी. तू चिडशील म्हणून आधी लिहिली नव्हती. तुझा शोध लागायच्या आधीच, दिवाळीत, मी 'अंगण हसलं'चा फॉर्म भरला होता. माहेरच्या घरासाठी. ते निवडलं गेलंय, भागी!

अब्बांना जाऊन सहा वर्षं झाली. धाकटा भाऊ झुहेब कुवेतहून कायमचा परत आला. त्याने जुनं घर पाडून दुमजली बांधलं, खिडक्यांना निळी काच. अम्मी तिथेच असते. घर झालं, पण परस उजाड. बावीवर लोखंडी झाकण. मागे नुसतं जंगल माजलंय, माणूस शिरत नाही. मी जाते तेव्हा पुढच्या दाराने आत जाते आणि पुढच्याच दाराने परत येते. फॉर्ममध्ये 'तुम्हाला काय बदलायचं आहे' असं विचारलं होतं. मी लिहिलं, 'घरामागचं जंगल काढून माझ्या आईला संध्याकाळी बसता येईल असं काहीतरी करा.'

त्यांचा माणूस येऊन नकाशा काढून गेला. मागे पाण्याची भिंत, पांढरे खडे, झोपाळा. खर्च त्यांचा आणि जाहिरातवाल्यांचा. तुझं म्हणणं मला पटतं, ती फुलं परत नेतील, हिरवळ पिवळी पडेल. पण अम्मीला एक संध्याकाळ तरी मिळेल. आणि खरं सांगू? मला पट्टी बांधून घ्यायची आहे. एकदा मला टीव्हीत बघायचं नाही, टीव्हीतून बघायचं आहे.

काम एप्रिलच्या मध्यावर आहे. झाडं 'काजवा'चीच येणार आहेत, मी विचारून घेतलं. तू ये ना त्या कामावर. दुसऱ्या कोणी त्या मातीला हात लावण्यापेक्षा तू लावलेला मला बरा वाटेल.

तुझी,
नाजू


शेलू,
३० एप्रिल

प्रिय भागी,

तुझं उत्तर नाही. काम होऊन पंधरा दिवस झाले. मला शेवटच्या दिवशीच बोलावलं होतं, पट्टी सोडायला, तेव्हा नर्सरीची माणसं निघून गेली होती. झुहेबला विचारलं, "भागी आली होती का?" म्हणाला, "पाच-सहा बायका होत्या बाजी, नावं कोण विचारतं?"

तू होतीस का?

नाजू


वाडी,
११ मे

नाजू,

होते. आज हाय-नाय असंच लिहिते. सुधरवत बसायला जीव नाय.

तू बोलावलंस म्हणून गेले. मलापण बघायचं व्हतं. आईला सांगितलं नाय, म्हटलं आल्यावर सांगू, तिथली माती दाखवू. खालापूरला वळून टेंपो आत गेला तरी मला गाव ओळखता येईना. सगळीकडं गेट नि भिंती. तुमचं घर तर निळ्या काचेचं. बावीच्या झाकणावर बसून डबा खाल्ला तेव्हा बाव ओळखली. तुझ्या अम्मीने, रुकय्याचाचीने, सगळ्यांना चहा दिला. मला ओळखलं नाय. माझ्या डोक्याला टॉवेल बांधलेला, मीपण ओळख दिली नाय. कपात चहा दिलान, पहिला आमच्यासाठी वेगळा ठेवायचे तसल्या कानतुटक्या नाय, चांगल्या कपात. ते बरं वाटलं.

आमचा मुकादम हिरामण म्हणाला, "भागीबाई, मागची जाळी साफ करून टाका, उद्या खडी यायची." जाळीच व्हती, करवंद, घाणेरी, वेली, दोन पुरुष उंच. पहिला कोयता मी मारला. बाया माझ्या मागं.

दुपारपर्यंत बाहेरचं रान गेलं. तेव्हा आतली झाडं दिसाया लागली, नि ती वेडीवाकडी नव्हती. सरळ रांगेत. मेंदी, मधी निरगुडी, मधी अडुळसा. चारी बाजूंनी रांग, नि पूर्वेकडं माणूस जाईल एवढी फट. आत काय नाय, नुसती मोकळी जागा. मी आत गेले. पायाला तीन दगड लागले, काळे.

नाजू, तो आमचा चुलीचा ठाव. मी माझ्याच घराच्या दारात उभी व्हते, कोयता घेऊन.

मला ठाऊक नव्हतं गं. त्या साली पावसाच्या आठ दिवस आधी बाप गावात गेला व्हता, झोपडी नीट करायला. परत आला नि म्हणाला, तिथं कायच नाय राहिलं, लियाकतशेटने झोपडी काढली. पुढं बोलला नाय. म्हणून तर आम्ही आलो नाय. 'कायच नाय' म्हणजे सगळंच गेलं असं मी धरलं.

तू विचारशील थांबलीस का नाय. हिरामण मागं उभा, खडीचा ट्रक उद्या येणार, माझ्या पाच बायांची हजेरी. कोणाला काय सांगू, ही झाडं माझ्या आईनं लावली? कागद हाय? दिवस मावळायच्या आत सगळं मुळाशी कापलं. मीच.

घरी आले, हात घासून घासून धुतले. आईला भाकरी द्यायला गेले तर तिनं हात धरला, हुंगला. म्हणाली, "निरगुडी, अडुळसा, मेंदी." मग हसली. "माज्या वईत गेली व्हतीस?"

मी म्हटलं, आई, कोणती वई?

"कोंची म्हंजे? आपल्या झोपडीची. नाजूला राखाया सांगितली ती. झोपडीचं काय, कुडाची, दोन दिसात उभी करता येती. वई उभी राहाया चार पावसाळे जातेत. वई हाय तवर जागा आपली."

तू शाळेत शिकलेली, तुमच्या घरात झाडांच्या कुंपणालापण गडगाच म्हणत. तुला वही ऐकू आली. मला माझ्या आईची भाषा येती, तरी मी तुझ्या अक्षराला फसले. तू वही लिवलंस, मी वई वाचलं, आईनं कुंपण ऐकलं. तुझ्या डांबराच्या गोळ्यांचं वाचलं तेव्हा ती म्हणाली व्हती, "बुडाला डांबर लावती, शानी हाय पोर."

त्या दिवशी मला खोटं बोलता आलं असतं. नाय बोलले. ती एवढंच म्हणाली, "नाजू तर म्हनली, एक पान झडलं नाय."

तेव्हापासून तुझं नाव घेत नाय. भाकरी अर्धी.

तुझी वही चांगलीच असेल. ती तुलाच राहू दे. आईला वाचता येत नाय. आता पत्र घालू नको.

भागी


शेलू,
२० जुलै

प्रिय भागी,

पत्र घालू नको म्हणालीस, दोन महिने घातलं नाही. हेही फाडलंस तरी चालेल. फक्त आधी वाच.

आमचा भाग जूनमध्ये लागला. बकरी ईदच्या दुसऱ्या आठवड्यात. तू पाहिला नसशील. माझ्या डोळ्यांवरची पट्टी सुटते आणि मी रडते. टोपीवाली मला जवळ घेते, खाली अक्षरं येतात, 'आनंदाश्रू'. इमारतीतल्या बायका अजून त्याबद्दल बोलतात. मी तेव्हा का रडले ते मलाही कळलं नव्हतं. समोर पाण्याची भिंत होती, पांढरे खडे होते, सगळं टीव्हीतल्यासारखं होतं. पण हवेत मेंदीचा वास होता, कापलेल्या मेंदीचा. मी लहानपणी ईदच्या आदल्या दिवशी अम्मीच्या मांडीवर हात ठेवून बसायचे तो वास. माझ्या नाकाला कळलं होतं, मला तुझं पत्र आल्यावर कळलं.

तुझं पत्र घेऊन मी अम्मीकडे गेले. झोपाळ्यावर बसवून वाचून दाखवलं. तिने पायाने झोपाळा थांबवला, पाण्याच्या भिंतीकडे बघितलं. ते पाणी बटणावर चालतं, झुहेब बिलामुळे बंदच ठेवतो. मग म्हणाली, "नागू आला होता, भागीचा बाप. मीच पाणी दिलं त्याला. दुकानाच्या पायरीवर बसला, आत आला नाही." त्या वेळी मी महाडला अम्मीच्या बहिणीकडे, खालाकडे होते, परीक्षा संपल्यावर पाठवलं होतं. मला कोणी सांगितलं नाही, आणि मीही कधी विचारलं नाही. आले नाहीत, एवढंच मनात धरून बसले. विचारायला काय हरकत होती? उत्तर काय येईल ते बहुतेक मला ठाऊक होतं.

अब्बा झोपडी काढल्यावर झाडंही काढणार होते, गोदाम बांधायला. अम्मी आडवी आली. "घरात लेक असताना मेंदीला कोयता लावायचा नाही," एवढं म्हणाली आणि आत गेली. अब्बा तिच्या पुढे गेले नाहीत. म्हणजे वई राखली ती अम्मीने. मी चिमामावशीच्या मेंदीवर वाढले, निकाहला तीच मेंदी लावली. मग बाजारात कोन मिळायला लागले आणि मी मागच्या दाराकडे फिरकलेच नाही. एक दिवस फॉर्मवर लिहिलं, 'जंगल'.

वही काढली. चिमामावशीने सांगितलेलं मेंदीचं पान उघडलं. सोळाव्या वर्षीचं माझं अक्षर, वळणदार. 'मेंदी. वहीला लावावी. गुरे तोंड लावत नाहीत. वहीला चारी बाजूंनी फिरवून लावली की आत साप येत नाही.'

वहीला, भागी. ती 'वईला' म्हणाली असणार आणि मी शुद्धलेखन सुधारलं. वहीला मेंदी लावतात? गुरं वही खातात? एकोणतीस वर्षं हे पान मी किती वेळा वाचलं असेन. एकदाही अडले नाही. बाई चुकीचं बोलते, आपण बरोबर लिहितो, एवढीच माझी खात्री होती.

झुहेबला म्हटलं, खडे काढ, ती जागा मोकळी कर. तो म्हणाला, "बाजी, टीव्हीवर आलंय ते. वर्षभर काही बदलायचं नाही असं लिहून दिलंय. आणि तूच तर भरला होतास फॉर्म." वाईट नाही गं तो.

पण एक झालं. जूनच्या शेवटी त्याचाच फोन आला, वैतागून. खड्यांतून काहीतरी उगवतंय, दर चार बोटांवर, उपटलं तरी येतंय, नर्सरीवाल्यांनी मुळं नीट काढली नाहीत. मी दुसऱ्या दिवशी पहिल्या गाडीने गेले. पांढऱ्या खड्यांत चारी बाजूंनी सरळ रांगेत कोवळी मेंदी आली होती. पूर्वेकडे माणूस जाईल एवढी जागा सोडून. तू मुळाशी कापलं, मूळ काढलं नाहीस. चुकून की जाणून, ते विचारणार नाही.

झुहेब औषध मारणार होता. मी त्याच्यासमोर खड्यांत बसले. तो म्हणाला, "लोक बघतायत बाजी, उठ." म्हटलं, बघू देत, त्यांनी मला टीव्हीवर रडताना बघितलंय. त्याने औषधाचा डबा आत नेऊन ठेवला. वर्ष संपेपर्यंत पाण्याच्या भिंतीमागची एक रांग ठेवतो म्हणाला, ती कॅमेऱ्यात आली नव्हती. एकच रांग. बाकीच्या तिन्हींना तो हात लावील, मला थांबवता येणार नाही.

त्या तिन्हींच्या काड्या, खड्यांखालच्या जून बुडासकट, मी काढून आणल्या. तेलाचे डबे कापून बाल्कनीत मांडले. वहीत आहे तसं केलं: 'काडी जून असावी, वीतभर. तिरकी खोवावी. दोन डोळे मातीत, दोन बाहेर. रोज हात फिरवावा.' एकोणतीस काड्या लावल्या. आज सकाळी मोजलं तर एकवीस फुटल्या आहेत. समोरच्या सायकलवाल्या बाईने विचारलं, "काय लावलंत हो?" मी म्हटलं, वई.

या काड्या मी 'काजवा'च्या टेंपोतून तुझ्याकडे पाठवते आहे. वाडीवर तुमच्या दाराभोवती लाव, नाहीतर नको लावूस. ती जागा त्याने परत येत नाही, हे मला कळतं. अम्मीने चांगला कप दिला म्हणून झोपडी परत येत नाही, तेही कळतं. वहीसुद्धा पाठवते आहे. चिमामावशीला वाचता येत नाही, पण तुला येतं, आणि ती तिचीच आहे. जिथे जिथे मी 'वही' लिहिलंय, तिथला 'ह' मी लाल पेनाने खोडला आहे आणि खाली 'ई' लिहिली आहे. सतरा ठिकाणी निघाला.

आता एक मागणं आहे. मी एकदा वाडीवर येते. चिमामावशीच्या पायाशी बसते. तिने मला काही विचारू नये, मी काही सांगणार नाही. फक्त तिने ते वाक्य पुन्हा एकदा मला म्हणावं. "नाजू, माजी वई राख गं." पावसाच्या आत येते, हे नाही म्हटलं तरी चालेल. या वेळी माझ्या हातात पेन नसेल.

ती नाही म्हणेल. तूही कदाचित तिच्यापर्यंत हे नेणार नाहीस.

तरी विचार.

तुझी,
नाजू